कट् आवाज येईपर्यंत

बाईंची तक्रार तशी एका ओळीची होती. हात फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नाही. उजवा हात खांद्याच्या वर गेला की कुशीत आतून कुणी चिमटा घेऊन पिळतंय असं व्हायचं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. म्हणून त्या तारीख फळ्याच्या मध्यावर लिहायच्या आणि अख्खा धडा तिच्याखाली कोंबायच्या. वर्गातली पोरं बिचारी माना वाकड्या करून वाचायची, एक शब्द बोलायची नाहीत. बोलायची ती घरची माणसं. होईल बरं. मनावर घेऊ नकोस. ऑपरेशन म्हटलं की थोडं दुखणारच. थोडं! ज्याचं दुखत नाही त्याचं थोडं म्हणायला काय जातं?

ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं. बाईंच्या फुप्फुसात गाठ सापडली, मोठ्या डॉक्टरांनी छाती उघडून ती काढली, गाठ साधी निघाली आणि बाई घरी आल्या. डॉक्टरांनी जीव वाचवला हे बाईंनी कधीच नाकारलं नाही. पण जीव वाचवला म्हणून पुढचं सगळं तोंड मिटून सोसायचं, असा काही करार झाला नव्हता. तपासायला गेलं की मोठे डॉक्टर पाठीवरची खूण बघायचे, सुंदर भरलंय म्हणायचे आणि गोळ्या लिहून द्यायचे. एकदा बाईंनी जरा आवाज चढवून सांगितलं की खूण सुंदर असेल, पण मला कुशीवर झोपता येत नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले की यांना जरा विरंगुळा द्या. आणि हे म्हणाले कुणाकडे बघून? बाईंकडे नाही, नवऱ्याकडे बघून. जशी काही दुखणारी बाई त्या खोलीत नव्हतीच.

आता यातली खरी मेख ऐका. बाईंचा नवरा ऑपरेशनची हत्यारं बनवायचा. गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. खाली कारखाना, वर घर. दिवसभर कानशींची खरखर आणि पॉलिशच्या चाकाची घरघर, त्यातच बाई वह्या तपासायच्या. कात्र्या, चिमटे सगळंच तिथे व्हायचं, पण त्यांचं नाव होतं ते एका हत्यारासाठी. स्प्रेडर. छातीचं ऑपरेशन करताना दोन बरगड्यांच्या मधे चिरा देतात आणि त्या फटीत हा घालतात. दोन जाड पाती, त्यांना जोडणारी दात्यांची दांडी, बाजूला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की पाती एकमेकांपासून लांब जातात, बरगड्या फाकतात आणि आत हात जाईल एवढी वाट होते. मोठ्या डॉक्टरांच्या थिएटरमधला स्प्रेडर मिस्त्रीच्याच हातचा होता. बाईंची छाती उघडली तीही त्यानेच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने मोठ्या कौतुकाने बायकोला धीर दिला होता की घाबरू नकोस, हत्यार आपल्या घरचं आहे.

स्प्रेडर पास करायची एक रीत सासऱ्यांपासून चालत आली होती. कारखान्याच्या मागच्या भिंतीत लोखंडाचे दोन जाड रूळ सिमेंटने पक्के केलेले होते. पाती त्या रुळांमधे अडकवायची आणि अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून मूठ फिरवायची. पातं वाकलं तर माल बाद, पुन्हा भट्टीत. वाकलं नाही तर पास. आमचा स्प्रेडर वाकत नाही, हे वाक्य सासऱ्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं आणि त्यांच्यामागे मिस्त्रीने. स्प्रेडरची पातीही सासरे होते तशीच, कडक आणि सरळ.

घरात तिसरं तोंड होतं मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचं. जवळच राहायची, रविवार चुकवायची नाही. मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. बाई खुर्चीतून उठताना जरा कण्हल्या की ती सुरू व्हायची. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मी चौथ्या दिवशी चुलीपुढे उभी होते, हल्लीच्या बायकांना दुखणं मिरवायची हौस फार. हे सगळं भावाच्या देखत. आणि भाऊ? भाऊ ताटात बघून जेवायचा. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गोळी नको होती त्यांना, विरंगुळा तर मुळीच नको होता. तुझं दुखतंय हे खरं आहे, एवढं एक वाक्य या घरातल्या एका माणसाने म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी वर्षभर वाट बघितली.

ते वाक्य आलं ते परक्या माणसाकडून, तेही शाळेत. पालकसभा संपली होती. एक पालक मागे थांबली होती, मोठ्या डॉक्टरांच्या थिएटरमधली सिस्टर. तिची मुलगी बाईंच्या वर्गात. बाई कपाटाच्या वरच्या खणातून मुलीची वही काढायला गेल्या आणि हात अर्ध्यावर थांबला. सिस्टरने ते पाहिलं. तिने स्वतः वही काढली, दार लोटून घेतलं आणि विचारलं की उजवी बाजू ना? बाई हो म्हणाल्या. सिस्टर म्हणाली की मी होते त्या दिवशी, तुमच्या दोन बरगड्या मोडल्या, मला वाटलं तुम्हाला कुणी सांगितलं असेल.

सांगायचं राहो, कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सिस्टरने मग सगळं सांगितलं. हे नेहमीचंच. स्प्रेडर घालायचा आणि मूठ फिरवत राहायचं. फिरवता फिरवता कट् असा आवाज येतो. तो आला की मोठे डॉक्टर थांबतात.

"आमच्याकडे म्हणतातच तसं," सिस्टर म्हणाली. "आवाज आला की पुरे. उघडलं."

बाईंना पहिल्यांदा समजेचना. आवाज कसला? मग समजलं. दाराला कडी असते, कुकरला शिट्टी असते, तसा या लोकांनी माणसाच्या हाडाचा इशारा करून ठेवला होता. किती उघडायचं? मोडेपर्यंत. आणि मोडलं की म्हणायचं, झालं उघडून, चला कामाला लागू. यात कुणाला काही गैर वाटत नाही, कुणी कुठे लिहीत नाही, आणि पेशंट शुद्धीवर आल्यावर कण्हला की त्याला विरंगुळा द्यायचा! सिस्टरने सांगितलं की पूर्वी तिने एकदा विषय काढला होता. हाड आहे, जुळून येईल, असं उत्तर मिळालं. घाईघाईने उघडलं की असं होतं, जरा थांबत थांबत उघडलं तर मांस सैल पडतं आणि हाड वाचतं, हे तिला दिसत होतं, पण थांबायला वेळ कुणाला आहे? तिच्याही बोलण्यात राग होता, फक्त तो बरीच वर्षं आत कोंडलेला होता.

बाई तिथून तरातरा घरी आल्या आणि वर न जाता थेट कारखान्यात शिरल्या. मिस्त्री मागच्या भिंतीपाशी उभा होता. नवा स्प्रेडर रुळांमधे अडकवलेला, दोन्ही हातांनी मूठ फिरवतोय, मानेच्या शिरा फुगल्यात. बाई बघत उभ्या राहिल्या. ही परीक्षा त्यांनी लग्न झाल्यापासून पाहिली होती, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे हत्यार वाकतं का एवढंच बघतात. रुळाला काय होतं ते बघायचं कारणच नाही, कारण रूळ लोखंडाचा आहे. दोन पिढ्यांत कुणाच्या मनातही आलं नाही की हे जिथे जाणार तिथे लोखंड नसतं.

त्यांनी सिस्टरचं बोलणं सांगितलं. मिस्त्रीने ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला की डॉक्टर कसं वापरतात त्याला मी काय करणार, आमच्या मालात खोट नाही, आमचा स्प्रेडर वाकत नाही.

"तेच सांगतेय मी," बाई म्हणाल्या. "तो वाकला नाही, म्हणून मी मोडले."

मिस्त्रीने रुळांतला स्प्रेडर सोडवून हातात घेतला. वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण कसलं काय! संध्याकाळी पुन्हा पॉलिशचं चाक सुरू. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. बाईंनी आणखी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्याने मूग गिळले. सवय झालेला माणूस वाईट नसतो म्हणे. नसेल. पण त्याच्या चांगुलपणाचा दुसऱ्याला उपयोग काय?

मग पावसाळा संपता संपता नणंदेचा खोकला हटेना म्हणून तपासण्या झाल्या, आणि काय निघावं? फुप्फुसात गाठ. ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर तेच, थिएटर तेच. नणंदेची ती सगळी ऐट एका दिवसात उतरली. वर येऊन खुर्चीत बसली आणि भावाचा हात धरून रडली. मला भीती वाटते रे, म्हणाली.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने कागद-पेन्सिल काढली.

बाई चहा घेऊन खाली गेल्या तर हा मान खाली घालून चित्र काढतोय. स्प्रेडरची मूठ, मुठीच्या आत स्प्रिंग, स्प्रिंगवर पोलादाचा छर्रा. विचारलं तर म्हणाला की बघतो, जोर फार झाला तर मूठ आपोआप सुटेल असं काही करता येतंय का. ताईची हाडं म्हातारी झालीत, म्हणाला, लगेच मोडतील.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीचं मोडायच्या आत पेन्सिल निघाली. बायकोचं मोडून वर्ष झालं, तेव्हा ही पेन्सिल कुठे होती? त्यांनी विचारलंही तसं, तोंडावर. मिस्त्री पेन्सिलीचं टोक बघत राहिला. बाई चहा तिथेच आपटून वर निघून आल्या. आणि लपवायचं कशाला, वर येऊन त्यांच्या मनात आलंच की होऊ दे. तिचंही मोडू दे. कण्हू दे वर्षभर, मग मी म्हणते, हल्लीच्या बायकांना मिरवायची हौस फार. हा विचार त्यांना फार गोड वाटला. पण पुरता घोळवावा म्हटलं तर मधेच नणंदेचा तो रडवेला चेहरा आड यायला लागला. शेवटी बाई स्वतःवरच चरफडत उठल्या आणि पुन्हा खाली गेल्या. त्या कुणाचं भलं करायला गेल्या असं समजू नका. हा एकटा करायला बसला तर चुकीचंच करून ठेवील, ही त्यांची खात्री होती.

आणि तो चुकतच होता. सुटायची मर्यादा त्याने एवढी कडक ठेवली होती की हत्तीच्या बरगडीलाही ती पुरली असती. ढिलं हत्यार बनवायला त्याचा हातच धजत नव्हता. ज्या घरात वाकलेला माल भट्टीत जातो, तिथल्या माणसाला मुद्दाम माघार घेणारा माल बनवायला सांगणं म्हणजे पोटावर पाय देण्यासारखं. बाई म्हणाल्या की रुळांवर नको, हाडावर बघा. मग कसायाकडून म्हाताऱ्या मेंढीच्या बरगड्या आल्या. पहिल्यांदा कमी पडल्या, पुन्हा आणल्या. कसायाने विचारलं की घरात एवढं खातं कोण? मिस्त्री म्हणाला, स्प्रेडर खातो. विनोद त्याने अजाणता केला होता, स्वतः हसलासुद्धा नाही.

बरगड्यांचा तो पिंजरा टेबलावर पक्का करून मिस्त्रीने जुना स्प्रेडर लावला आणि मूठ फिरवली. बाई शेजारीच उभ्या होत्या. फट रुंदावत गेली, हाड किंचित वाकलं, आणखी वाकलं, आणि मग तो आवाज आला. कट्. सुकी काटकी मोडावी तसा. फार मोठा नव्हता.  बाईंच्या बरगड्यांचा आवाज अशाच हत्याराने काढला होता, फक्त ऐकायला त्या शुद्धीवर नव्हत्या.

मिस्त्री मोजपट्टी हातात घेऊन म्हणाला की एवढ्याला मोडलं, मग मर्यादा थोडी खाली ठेवू. बाई म्हणाल्या, थोडी नाही. तो म्हणाला, मग किती? जिवंत माणसाचं मी कसं ओळखू? बाईंनी त्याच्या हातातली पट्टी काढून बाजूला ठेवली, त्याचा हात धरला आणि साडीच्या पदराखालून आपल्या कुशीवर नेऊन ठेवला. दाबा, म्हणाल्या.

हा माणूस दिवसभर काय करायचा? पोलादावरून बोट फिरवायचा. केसाएवढी खरखर त्याच्या बोटाला कळायची, डोळ्यांना न दिसणारी. मालावर एवढासा उंचवटा राहिला तर तो बाद करायचा. ते बोट बायकोच्या बरगडीवरून सरकलं आणि एका जागी थांबलं. तिथे पायरी होती. हाडाची दोन टोकं एकमेकांवर चढून तशीच वाकडी जुळलेली, वर गाठ आलेली. बोट पुढे सरकलं, खालच्या बरगडीवर आलं, तिथेही तेच. मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. कुठल्याही कामगाराने असा जोड करून आणला असता तर त्याने तो खिडकीबाहेर फेकला असता. एका अंथरुणात झोपणारा माणूस, वर्षभरात एकदाही त्याने हात लावून पाहिलं नव्हतं. डॉक्टरने सुंदर म्हटलं, यानेही सुंदर म्हटलं.

"दुखतं?" त्याने विचारलं.

"रोज सांगत होते," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मर्यादा खाली आली. मेंढीच्या बरगडीला बोट लावूनसुद्धा इजा कळणार नाही एवढी खाली. छर्रा ठरल्या जागी खाचेतून निसटायचा आणि मूठ रिकामी फिरायची, अगदी गुपचूप. या गुपचूपपणाचा मिस्त्रीला अभिमान होता. बाईंनी नमुना सिस्टरला दाखवला, तिने साफ करायला सोपं जावं म्हणून मूठ खोलता यावी असं सांगितलं, तेही झालं. नणंदेच्या ऑपरेशनला अजून अवकाश होता. नमुना थिएटरमध्ये गेला.

आणि परत आला. मोठ्या डॉक्टरांचा निरोप होता की माल ढिला आहे, मूठ फिरते, तुमच्या वडिलांच्या वेळचं काम आता राहिलं नाही. मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरा प्रकार सिस्टरने बाईंना शाळेत येऊन सांगितला. टेबलावर एक निवृत्त पोस्टमन होता. डॉक्टरांनी मूठ फिरवली, फट छान उघडली, काम करायला पुरेशी होती. पण डॉक्टर फिरवतच राहिले. आवाज कुठाय, म्हणाले. मूठ रिकामी फिरायला लागली तेव्हा चिडले, हत्यार बाजूला टाकलं आणि जुना स्प्रेडर मागितला. मग कट् झालं. मग त्यांचं समाधान झालं. पुरेशी उघडलेली छाती होती हो! तरी त्या म्हाताऱ्याचं हाड मोडल्याशिवाय यांना चैन पडेना. सांगताना सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईंना रडू येण्याऐवजी शिव्या आठवल्या. शाळेत होत्या म्हणून त्यांनी त्या गिळल्या.

घरी येऊन त्या मिस्त्रीला म्हणाल्या की तुमचं हत्यार मुकं आहे हाच त्याचा दोष. तो माणूस डोळ्यांनी बघत नाही, कानांनी उघडतो. त्याला आवाज हवा ना? द्या आवाज. मिस्त्रीला आधी पटेना. खडखडणारं हत्यार म्हणजे भंगार, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं. बाई म्हणाल्या की बापाने आणखीही बरंच शिकवलंय, ते माझ्या कुशीत आहे. यावर तो निमूट कामाला लागला. छर्रा काढला, तिथे पोलादाची एक चपटी जीभ बसवली. ठरलेला जोर आला की ती दात्यावरून उडायची. पहिल्या जिभेचा आवाज घड्याळासारखा बारीक आला. दुसरी फार टणटणली. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. तापवून तिला पाणी कमी-जास्त देऊन, घासून, पुन्हा घासून, शेवटी एकदा ती अशी बोलली की बाईंचा हात आपोआप स्वतःच्या कुशीकडे गेला. हाच, म्हणाल्या.

बायकोच्या मोडक्या हाडाचा आवाज नवऱ्याने पोलादात बनवला. याहून वेगळा दागिना त्याने तिला आजवर घडवला नव्हता.

पुढचं काम सिस्टरचं होतं. नणंदेच्या ऑपरेशनच्या सकाळी तिने नवा स्प्रेडर मांडून ठेवला आणि डॉक्टरांना एवढंच सांगितलं की दुरुस्त होऊन आलाय, आता ढिला नाही. डॉक्टरांनी मूठ फिरवली. कट्. पुरे, म्हणाले आणि थांबले. त्यांच्या तोंडावर नेहमीचं समाधान. सिस्टरने मधे कापड पुढे केलं, हे दिलं, ते दिलं, जरा वेळ जाऊ दिला, मग हळूच म्हणाली की सर, अजून एक वेढा बसेल. त्यांनी तोही घेतला. पुन्हा कट्. मांस तोवर सैल पडलं होतं, वाट ऐसपैस झाली. गाठ निघाली. बरगड्या जागच्या जागी, सगळ्या शाबूत.

बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना सिस्टरने येऊन मान डोलावून सांगितलं. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला, तो कुशीत दुखला, आणि त्याही क्षणी त्यांना राग आलाच. एवढंसं तर होतं. एवढंसं करायला माझ्या दोन बरगड्या आणि एक वर्ष लागलं.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर त्या हत्याराचं तोंड भरून कौतुक केलं. डॉक्टरांच्या एका संमेलनात त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं, आपल्याच नावाने. हाताखालच्या पोरांना म्हणे ते आता शिकवतात की आवाज आला की थांबायचं, मी पहिल्यापासून हेच सांगत आलोय. तो आवाज कुठून येतो हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. मिस्त्रीला ऑर्डरी आल्या, मागच्या भिंतीतले रूळ त्याने पहारीने उखडले. बाईंना वाटलं की आता तरी हा जेवताना मान वर करेल. त्याने केली नाही. अपराधी माणूस गप्प बसतो तसा गप्प बसायला लागला, आणि त्या गप्प बसण्याचंही ओझं बाईंवरच पडलं.

नणंद महिन्याभरात टुणटुणीत झाली. रविवारी आली ती नातवाला कडेवर घेऊन, जिना चढून, ऑपरेशन झालेल्या उजव्या कडेवर. पोराला खाली न ठेवताच खुर्चीत बसली आणि भाऊ समोर जेवायला बसलाय बघून सुरू झाली. बघा म्हणे, माझंही तेच ऑपरेशन, तेच डॉक्टर, तेच घरचं हत्यार. माझं वय तर हिच्यापेक्षा किती जास्त. आहे का कुठे दुखणं? मनावर घेतलं नाही की काही होत नाही. हिने वर्षभर नुसता जीव खाल्ला आपल्या सगळ्यांचा.

बाईंच्या हातात पाण्याचा पेला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. आज मी नाही बोलणार, हे त्या बघण्यात स्वच्छ होतं.  मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. कान लाल झाले होते त्याचे.

"ताई, हिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या," तो म्हणाला. "माझ्या हत्याराने. त्या वाकड्या जुळल्यात, मी हात लावून बघितल्यात. त्या मोडल्या म्हणून तुझ्या वाचल्या. नवं हत्यार हिने करून घेतलं माझ्याकडून, तुझ्यासाठी."

वर्षभर ज्या वाक्याची वाट बघितली ते असं ताटावर बसून, अर्ध्या जेवणात आलं.  आता ही काय म्हणते, म्हणून बाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिने पोराला खाली ठेवलं, आपली कूस चाचपली, मग बाईंच्या कुशीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. खोटं का बोला, आलं.

"अगं, एवढं सगळं झालं," ती म्हणाली, "मग तू आधी बोलली का नाहीस?"

बाई उठल्या. दार लावलं, कडी घातली, खुर्ची ओढून दोघांच्या समोर घेतली आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी शुद्ध आल्यापासून सांगायला सुरुवात केली. कधी कुणाला काय सांगितलं, त्यावर कोण काय म्हणालं, एकही गोष्ट त्यांनी वगळली नाही. ताटातलं सगळं गार झालं, नातू झोपला, मिस्त्री दोनदा उठायला बघत होता. त्यांनी त्याला खाली बसवलं.